खत कारखान्यातील कामगारांचे आजार : लक्षणे, तपासण्या आणि घ्यायची काळजी

खोकला, धाप, डोळ्यांची जळजळ, कमी ऐकू येणे, कंबरदुखी या तक्रारी घेऊन रोज कितीतरी रुग्ण दवाखान्यात येतात. त्यांपैकी कोणी खत कारखान्यात काम करत असेल, तर या साध्या वाटणाऱ्या तक्रारींचे कारण कामाच्या जागी असू शकते. पण रुग्णाने ते सांगितले नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर खोकला बिडीच्या नावावर जातो, धाप दम्याच्या नावावर आणि छातीच्या एक्स-रेवरील डाग क्षयरोगाच्या नावावर. उपचार सुरू होतात, आणि आजाराचे कारण रोजच्या पाळीत तसेच चालू राहते.

नुसते "मी कंपनीत कामाला आहे" असे सांगूनही भागत नाही. खत कारखाना म्हणजे एकच काम नव्हे. अमोनियाच्या प्लँटमधल्या ऑपरेटरचा धोका वेगळा, आम्लाच्या प्लँटमधल्या फिटरचा वेगळा आणि पोती भरणाऱ्या कंत्राटी कामगाराचा वेगळा. म्हणून कोणत्या विभागात, कशाशी संपर्क येतो आणि किती वर्षे, ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

थोडक्यात महत्त्वाचे

- अमोनिया किंवा आम्ल डोळ्यांत गेल्यास आधी भरपूर पाण्याने धुवा, मगच रुग्णालयात जा.
- नायट्रिक आम्लाचा तपकिरी वायू छातीत गेल्यावर सुरुवातीला बरे वाटले तरी किमान २४ तास वैद्यकीय देखरेख लागते.
- बंद टाकीत कोणी बेशुद्ध पडल्यास श्वसन उपकरणाशिवाय आत उतरू नका.
- फॉस्फेटच्या धुळीत काम केलेल्यांनी लांबलेला खोकला असल्यास क्षयरोग आणि सिलिकोसिस या दोन्हींची तपासणी करून घ्यावी.
- तपासणीचा प्रत्येक रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा.

कोणत्या विभागात कोणता धोका?

महाराष्ट्रात ट्रॉम्बे, अलिबागजवळील थळ, तळोजा आणि गोव्यात झुआरीनगर येथे मोठे खत कारखाने आहेत. याखेरीज सुपर फॉस्फेट आणि मिश्रखते बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत.

- अमोनिया आणि युरिया प्लँट : अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, कॉम्प्रेसरचा आवाज, भट्टीची उष्णता.
- नायट्रिक आम्ल आणि नायट्रेटयुक्त खते : नायट्रोजनचे ऑक्साइड, आम्लाने भाजणे.
- सल्फ्युरिक आम्ल प्लँट : सल्फर डायऑक्साइड, आम्लाचे तुषार, उत्प्रेरक बदलताना व्हॅनेडियमची धूळ.
- सुपर फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल : फॉस्फेट खडकाची धूळ, सिलिका, फ्लोरिनयुक्त वायू.
- पॅकिंग, गोदाम आणि लोडिंग : खताची धूळ, त्वचेचे विकार, जड ओझे.

अमोनिया : लगेच जाणवणारा, पण सवयीचा होणारा

नैसर्गिक वायू, वाफ आणि हवेतील नायट्रोजन यांपासून अमोनिया तयार होतो आणि त्यापासून युरिया. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे डोळे, नाक आणि घसा या ओलसर भागांवर त्याचा पहिला मारा होतो. डोळ्यांतून पाणी येते, घसा आवळल्यासारखा वाटतो, खोकल्याची उबळ येते.

कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेत अमोनिया २५ पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) जास्त नसावा आणि १५ मिनिटांच्या अल्प काळासाठीही तो ३५ पीपीएमच्या वर जाऊ नये. ३०० पीपीएमला जिवाला धोका मानला जातो. रोज त्याच हवेत वावरणाऱ्याचे नाक मात्र वासाला सरावते. नव्या माणसाला जिथे उभे राहवत नाही, तिथे जुना कामगार "काही वास नाही" म्हणतो. म्हणून नाकावर विसंबू नये, वायुमापक यंत्राचा आकडा पाहावा.

मोठी गळती झाल्यास घशाला आणि स्वरयंत्राला सूज येऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो. आवाज बसणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे, लाळ गिळता न येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला क्षणाचाही वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे.

डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील फुलपूरच्या खत कारखान्यात अमोनियाच्या गळतीने दोन अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे समुद्राखालून जाणाऱ्या अमोनिया वाहिनीतून गळती झाली आणि शेजारच्या वस्तीतील लोकांना रात्रीच रुग्णालयात दाखल करावे लागले. म्हणजे हा धोका कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनाही असतो.

अमोनियाचा संपर्क झाल्यास

1. वाऱ्याची दिशा पाहून, वायूच्या ढगाला ओलांडून न जाता आडवे बाहेर पडा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला जा. थंड अमोनियाचा पांढरा ढग जमिनीलगत पसरतो. ओला रुमाल नाका-तोंडावर धरल्यास बाहेर पडेपर्यंत थोडी मदत होते, पण तो मास्कची जागा घेत नाही.
2. डोळे उघडे धरून वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे, शक्य असल्यास अर्धा तास धुवा. अमोनियासारखा अल्कली पदार्थ डोळ्यात आम्लापेक्षा खोल शिरतो. बुबुळ पांढरे पडून दृष्टी जाऊ शकते. रुग्णालय पाच मिनिटांवर असले तरी आधी धुवा.
3. द्रव अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे तो त्वचेला भाजतो आणि गोठवतोही. त्वचेला चिकटलेले कपडे ओढून काढू नका. आधी भरपूर पाणी ओता, कपडे सुटले की काढा.
4. जखमेवर लिंबू, व्हिनेगर, तेल किंवा मलम लावू नका.
5. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि "अमोनियाचा संपर्क" असे स्पष्ट सांगा.

तपकिरी वायू : आधी बरे वाटते, मग धाप लागते

नायट्रिक आम्ल तयार होताना, सांडल्यावर किंवा नायट्रेटयुक्त खत तापून त्याचे विघटन झाल्यावर पिवळसर-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा असतो. कामगार आणि कुटुंबीय यांनी सर्वांत नीट लक्षात ठेवावी अशी गोष्ट इथेच आहे.

हे वायू पाण्यात कमी विरघळतात. त्यामुळे नाका-घशाला ते फारसे झोंबत नाहीत, माणूस लगेच पळून जात नाही आणि वायू थेट फुफ्फुसांच्या खोल भागात पोहोचतो. थोडा खोकला, थोडी मळमळ, डोके जड, एवढ्यावर भागते. तास-दोन तासांत बरेही वाटते. पाळी संपवून कामगार घरी येतो, जेवून झोपतो. पुढच्या काही तासांत, साधारण २४ तासांपर्यंत, फुफ्फुसांच्या वायुकोशांत पाणी साचू लागते. मध्यरात्री धाप लागते, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येते, ओठ निळे पडतात. या अवस्थेत ऑक्सिजन आणि प्रसंगी व्हेंटिलेटर लागतो. उशीर झाल्यास मृत्यू होऊ शकतो.

म्हणून असा धूर छातीत गेलेल्या व्यक्तीला, तिला कितीही ठीक वाटत असले तरी, किमान २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे. या काळात श्रम करू नयेत, जिने चढू नयेत. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून धोका टळला असे समजू नये.

धोका तिथेच संपत नाही. दोन ते सहा आठवड्यांनंतर काही रुग्णांच्या बारीक श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि धाप, खोकला, ताप पुन्हा सुरू होतो. तोवर आधीची घटना विसरली गेलेली असते आणि हा न्यूमोनिया समजला जातो. अशा वेळी डॉक्टरांना "महिन्यापूर्वी आम्लाचा वायू लागला होता" एवढे एक वाक्य सांगितले, तरी निदानाची दिशा बदलते.

आम्लाचे तुषार आणि सल्फर डायऑक्साइड

सल्फर डायऑक्साइडने श्वासनलिका आकसतात. ज्यांना आधीच दमा आहे त्यांना थोड्या प्रमाणातही त्रास होतो. एखाद्या दिवशी कोणताही तीव्र वायू जास्त प्रमाणात लागल्यानंतर २४ तासांच्या आत सुरू झालेला दम्यासारखा त्रास महिनोन्‌महिने टिकू शकतो, आधी कधीही दमा नसला तरी.

सल्फ्युरिक आम्लाच्या तुषारांत दीर्घकाळ काम करणाऱ्यांचे पुढचे दात झिजतात, आखूड दिसू लागतात, थंड-गरम लागते. दंतवैद्याला आपले काम सांगा. याहून गंभीर बाब म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सल्फ्युरिक आम्लयुक्त तीव्र आम्लांचे तुषार १९९२ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. त्यांचा संबंध मुख्यतः स्वरयंत्राच्या कर्करोगाशी आढळतो. तंबाखू आणि दारू हा धोका आणखी वाढवतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

फॉस्फेटची धूळ, सिलिका आणि फ्लोराइड

सुपर फॉस्फेट बनवताना फॉस्फेटचा खडक दळून त्यावर सल्फ्युरिक आम्ल टाकतात. दळताना बारीक धूळ उडते आणि तिच्यात खडकानुसार कमी-जास्त सिलिका असते. भट्टीच्या जुन्या विटा फोडण्याच्या कामातही सिलिकाची धूळ उडते. वर्षानुवर्षे ती श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस होऊ शकतो : कोरडा खोकला, चढावर धाप, हळूहळू सपाट रस्त्यावरही धाप. फुफ्फुसावर पडलेले हे व्रण भरून येत नाहीत, म्हणून लवकर ओळखून धूळ थांबवणे हाच खरा उपाय.

सिलिकोसिसचे डाग एक्स-रेवर क्षयरोगासारखे दिसू शकतात आणि सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोग होण्याची शक्यताही जास्त असते. त्यामुळे दोन्ही दिशांनी विचार करावा लागतो. थुंकीची तपासणी करून क्षयरोग असल्यास औषधांचा पूर्ण कोर्स घ्या. थुंकीत जंतू नसताना आणि औषधे घेऊनही डाग व धाप तशीच राहिली, तर छातीरोगतज्ज्ञांना कामाचा पूर्ण इतिहास सांगून सिलिकोसिसबद्दल विचारा.

खडकावर आम्ल पडले की फ्लोरिनयुक्त वायू निघतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा शिंतोडा त्वचेवर पडल्यास सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. काही तासांनी असह्य ठणका सुरू होतो. हे आम्ल शरीरातील कॅल्शियम ओढून घेते आणि मोठा संपर्क असल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावणे हा त्यावरचा खास प्रथमोपचार आहे. ही जेल प्लँटच्या प्रथमोपचार पेटीत असायला हवी.

दीर्घकाळ थोडाथोडा फ्लोराइड शरीरात गेल्यास हाडे आणि सांधे कडक होतात, मान-कंबर वाकत नाही. पाळीच्या आधी आणि नंतर लघवीतील फ्लोराइड तपासून संपर्काचा अंदाज येतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातही फ्लोराइड जास्त आहे, म्हणून घरचे पिण्याचे पाणी कुठले हेही डॉक्टरांना सांगावे.

वास नसलेले वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे पित्त किंवा उष्णतेची समजली जातात. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवा असतो, आकडा चांगला दाखवतो. खरे प्रमाण रक्ताच्या विशेष तपासणीत कळते. उपचार म्हणजे तातडीने मोकळी हवा आणि मास्कने ऑक्सिजन.

दुरुस्तीपूर्वी टाक्या आणि वाहिन्या नायट्रोजनने भरतात. नायट्रोजन विषारी नाही, पण तो ऑक्सिजनची जागा घेतो. अशा टाकीत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत, काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला उडी घेणारा दुसराही तसाच पडतो. ऑक्सिजन मोजल्याशिवाय, परवाना घेतल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा केल्याशिवाय टाकीत उतरू नये.

पॅकिंग आणि लोडिंगचे कामगार

या विभागात बहुधा कंत्राटी किंवा माथाडी कामगार असतात आणि तपासणीतून सर्वांत जास्त तेच सुटतात. युरियाची गोणी ४५ किलोची, इतर अनेक खतांची ५० किलोची. दिवसभरात अशा शेकडो गोण्या उचलल्यास कंबर, मान आणि गुडघे झिजतात. पायात मुंग्या येणे, पाय लुळा वाटणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे ही मणक्यातील नस दबल्याची चिन्हे आहेत. त्यांपैकी लघवीचा ताबा जाणे ही तातडीची बाब आहे.

घामाने ओल्या अंगावर खताची धूळ बसली की खाज, भेगा आणि इसब होते. पाळी संपल्यावर अंघोळ करून कपडे बदलूनच घरी यावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत आणि ते धुण्यापूर्वी घरात झटकू नयेत.

आवाज आणि उष्णता

कॉम्प्रेसरजवळ ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. कानात सतत गुणगुण होणे आणि टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे या पहिल्या खुणा बऱ्याचदा घरच्यांच्या लक्षात येतात. भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

कोणत्या तपासण्या, केव्हा?

- कामावर रुजू होताना आणि नंतर दरवर्षी : शारीरिक तपासणी, रक्तदाब, साखर, फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी (स्पायरोमेट्री).
- धुळीत काम असल्यास : डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे.
- आवाजात काम असल्यास : वार्षिक श्रवण तपासणी.
- फॉस्फेट विभागात : लघवीतील फ्लोराइड.
- आम्लाच्या विभागात : दात, घसा आणि डोळे.

स्पायरोमेट्रीचा एकच रिपोर्ट "नॉर्मल" असणे पुरेसे नाही. गेल्या वर्षीच्या स्वतःच्या आकड्याशी तुलना करा. क्षमता वेगाने घसरत असेल, तर मर्यादेच्या आत असूनही ती धोक्याची सूचना आहे. कामाच्या दिवशी वाढणारी आणि सुट्टीत कमी होणारी धाप हीदेखील मोठी खूण आहे. तारखांसह तिची नोंद ठेवा.

आपले हक्क

१९४८ च्या कारखाना अधिनियमात खत उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही अशी यादी आहे. कामगारांची आरोग्य तपासणी करणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे ही मालकाची जबाबदारी आहे. सिलिकोसिस, नायट्रोजनच्या वायूंची विषबाधा आणि आवाजाने आलेला बहिरेपणा हे सूचनीय आजार आहेत, म्हणजे डॉक्टरांनी ते सरकारी यंत्रणेला कळवायचे असतात. महाराष्ट्रात ही यंत्रणा म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

नुकसानभरपाई किंवा ईएसआयचा लाभ मागताना आजार कामामुळे झाला हे कागदावर दिसावे लागते. म्हणून केसपेपरवर आपला व्यवसाय, विभाग आणि किती वर्षे काम केले हे लिहून घ्या. कंत्राटदार बदलला तरी ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रक्तातील युरिया वाढला आहे. तो कारखान्यातील युरियामुळे का?*
नाही. रक्तातील युरिया शरीरातील प्रथिनांच्या विघटनातून तयार होतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो. तो वाढला असेल तर मूत्रपिंड, रक्तदाब आणि मधुमेह तपासा. अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

*गूळ खाल्ल्याने छातीतील धूळ निघते का?*
गुळाने धुळीपासून संरक्षण होते असा भरवसा धरता येत नाही. गूळ, दूध किंवा केळी हा आहार आहे, मास्कचा पर्याय नाही.

*रुमाल बांधला तर चालेल का?*
नाही. बारीक धूळ रुमालातून आरपार जाते. धुळीसाठी एन-९५ दर्जाचा मास्क लागतो, पण तो वायू अडवत नाही. वायूसाठी त्या त्या वायूचे काडतूस असलेला मास्क लागतो. दाढी वाढलेली असल्यास मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही.

*निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. आता तपासणीची गरज आहे का?*
आहे. सिलिकोसिस आणि कर्करोग काम सुटल्यावरही अनेक वर्षांनी दिसू शकतात.

*काम सोडावे का?*
दर वेळी नाही. विभाग बदलणे, धूळ शोषणारी यंत्रणा दुरुस्त करणे आणि योग्य मास्क वापरणे यांनी अनेकांचा त्रास आटोक्यात राहतो. सिलिकोसिसचे निदान झाल्यास मात्र धुळीच्या कामावर परत जाऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना हे लिहून न्या

विभागाचे नाव, प्रत्यक्ष काम, हाताळलेले पदार्थ, आधीच्या नोकऱ्या, एकूण वर्षे, एखादी गळती किंवा अपघात झाला असल्यास त्याची तारीख, सुट्टीत त्रास कमी होतो का, तंबाखू-बिडीची सवय आणि जुने रिपोर्ट. रुग्णाला बोलताना धाप लागत असेल तर ही माहिती घरच्यांनी द्यावी.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.